बाहेरून झिजलेला टायर

१

पोलिस चौकीच्या मागच्या आवारात युवराज बिऱ्हाडेची पांढरी व्हॅन विटांच्या थप्प्यांवर टेकवून ठेवली होती. चारही चाकं हवेत लोंबकळत होती. ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा टायर फाटून त्याच्या चिंध्या रिमभोवती अडकल्या होत्या, आणि त्याच बाजूचा दरवाजा आतल्या सीटपर्यंत दबला होता. पारोळ्याच्या पुढे धुळ्याकडे जाताना, भर दुपारी, सरळ रस्त्यावर टायर फुटला आणि गाडी कडुनिंबावर जाऊन आदळली. युवराज एकटाच होता. दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही.

मी विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासते. नाव प्रज्ञा तायडे, राहणार जळगाव. लोकांना वाटतं मी पैसे द्यायला येते, म्हणून आधी चहा देतात. मी प्रश्न विचारायला लागले की चहा गार होतो.

फौजदारसाहेबांनी प्रकरण सोडवूनच ठेवलं होतं. युवराजने काही महिन्यांपूर्वी गाडीच्या स्प्रिंगा कापून ती खाली बसवून घेतली होती. असं केलं की चाकांचे कोन बिघडतात, ते नव्याने लावून घ्यावे लागतात. ते काम धुळ्याच्या अलीकडे दुकान टाकलेल्या वेस्ता पावराने केलं होतं. साहेबांच्या मते केलंच नव्हतं, नुसतं केल्यासारखं दाखवलं होतं. त्यामुळे टायर एका बाजूने झिजून झिजून फुटला. हे त्यांना पंचनाम्याच्या वेळी एरंडोलच्या भिकन मिस्त्रीने समजावून सांगितलं होतं. शिवाय अपघाताच्या दिवशी सकाळी वेस्ता आणि युवराज फोनवर बोलले होते, आणि वेस्ता ते नाकारत होता. खोटं बोलणारा माणूस सापडला की आपल्याकडे तपास संपतो.

वेस्ताला पकडून जामिनावर सोडलं होतं. माझा अहवाल आला की त्याच्यावर मृत्यूला कारणीभूत झाल्याचा आरोप पक्का होणार होता. साहेब म्हणाले, दोन ओळी लिहा आणि मोकळ्या व्हा.

मी मोकळी व्हायच्या विचारानेच खाली वाकले आणि टायरच्या चिंध्यांवरून हात फिरवला. टायर एका बाजूने झिजला होता, आतल्या तारा दिसेपर्यंत. त्यात काही खोटं नव्हतं.

पण तो बाहेरच्या बाजूने झिजला होता.

२

हे का विचित्र, ते सांगते. सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

गाडी खाली बसवली की पुढची चाकं पाय फाकवून उभ्या राहिलेल्या माणसासारखी होतात. वरून आत कलतात, खालून बाहेर जातात, आणि त्यांची तोंडंही थोडी बाहेर फिरतात. सगळा भार आतल्या कडेवर येतो. तशीच चालवली तर टायर आतून झिजतो. वेस्ताने काम केलं नसतं किंवा अर्धवट केलं असतं, तर हा टायर आतून संपला असता. बाहेरची कड नव्यासारखी राहिली असती.

मी दुसरं पुढचं चाक पाहिलं. तेही बाहेरूनच खाल्लेलं होतं.

मग म्हटलं, वेस्ताने उलट चूक केली असेल. चाकांची तोंडं गरजेपेक्षा जास्त आत ओढली असतील. हेही होऊ शकतं. मी गाडीच्या मागून स्टेपनी काढायला लावली. धनसिंग हवालदाराने कुरकुर करत ती जमिनीवर टाकली. स्टेपनीवर पंक्चरचं ठिगळ होतं, म्हणजे ती आधी खाली चालत होती आणि पंक्चर झाल्यावर मागे गेली होती. बरीच चाललेली होती आणि सगळीकडून अगदी सारखी झिजली होती. आत नाही, बाहेर नाही. ही पुढे चालली असेल, तर तेव्हा गाडीचे कोन अचूक होते.

मग नंतर कोणी ते हलवले का? चाकांची दिशा ज्या दांड्यांनी ठरते, त्यांचे नट मी चिखल पुसून बघितले. प्रत्येक नटावरून दांडीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढलेली होती. काम झालं की काही कारागीर अशी रेघ ओढतात, नट फिरला तर रेघ तुटते. रेघ जशीच्या तशी होती. वेस्ताने लावून दिल्यावर त्या नटांना कोणी हात लावला नव्हता.

कोन अचूक होते, कोणी फिरवले नव्हते, तरी बिघडले. याचा एकच अर्थ होतो. खाली बसलेल्या गाडीसाठी लावलेले कोन, गाडी पुन्हा वर उचलली की उलट्या बाजूला जातात. चाकांची तोंडं आत वळतात आणि भार बाहेरच्या कडेवर येतो.

म्हणजे ही गाडी कोणीतरी उचलली होती, आणि ती तशीच कित्येक दिवस धावली होती. पण माझ्यासमोर जी होती, तिच्यात कापलेल्या आखूड स्प्रिंगाच होत्या आणि दुसरं काहीही नव्हतं.

३

एरंडोलला बिऱ्हाड्यांच्या वस्तीकडे वळतानाच माझी गाडी खालून खरवडली गेली. रस्त्यावर लोकांनी स्वतःच काँक्रीट ओतून गतिरोधक घातले होते, एकापाठोपाठ एक, म्हशीच्या पाठीएवढे. संक्रांतीच्या सुमारास एका मुलीला ट्रॅक्टरचा धक्का लागला, त्यानंतरचे हे, असं पुढे कळलं. मी मनातल्या मनात गावाचा उद्धार केला.

गल्लीच्या तोंडाशीच भिकन मिस्त्रीचं गॅरेज होतं. दारावर हॉर्न, पट्टे, स्टिअरिंगची कव्हरं, स्प्रिंगांच्या वेढ्यांत बसवायची काळी रबरं, असं काहीबाही टांगलेलं. केस पांढरे झालेला, कमी बोलणारा माणूस. त्यानेच युवराजच्या स्प्रिंगा कापल्या होत्या. आधी नाही म्हणालो होतो, म्हणाला, पण कारण ऐकलं आणि कापल्या. जळगावात अशा गाडीचे कोन लावायला कोणी तयार होईना, म्हणून वेस्ताचं नावही त्यानेच सुचवलं होतं. हे सांगताना तो हातातला पाना पुसत राहिला.

ते कारण घरात खुर्चीवर बसलं होतं. लिलाबाई, युवराजची आई. सगळी वस्ती त्यांना अक्का म्हणते. शाळेत शिकवायच्या, आणि विहारात दर पौर्णिमेला बायकांची वंदना त्याच घ्यायच्या. मग मणक्याचं दुखणं आलं आणि कमरेखालचं अंग गेलं. चाकाची खुर्ची आली. गाडीत बसायचं म्हणजे दोघांनी उचलून आत टाकायचं. एकदा विहारासमोर उचलताना लुगडं सरकलं, चार माणसांनी पाहिलं. त्यानंतर त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. युवराज पोस्टात नोकरीला होता. त्याने जुनी व्हॅन घेतली, तिच्या मागच्या दाराला लोखंडी उतार बसवला, आणि तो उतार चढायला सोपा पडावा म्हणून गाडीच खाली बसवून घेतली. आईला पोत्यासारखं उचलायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

त्यानंतर अक्का पुन्हा दर पौर्णिमेला विहारात जाऊ लागल्या होत्या.

अक्कांना माझ्याकडून दोनच गोष्टी हव्या होत्या. वेस्ताला शिक्षा, आणि एका प्रश्नाचं उत्तर. त्या दिवशी युवराजला धुळ्याला काहीही काम नव्हतं. रजा टाकून, घरात न सांगता तो निघाला होता.

"मना पोऱ्या धुळ्याले कसाले गयथा?" त्यांनी मला विचारलं. "त्यानी बलाये व्हतं ना त्याले? इतलं शोधी दे मले."

शोधते, असं मी म्हणाले. म्हणायला नको होतं.

युवराजची बायको दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रडून झालेलं होतं, आता नुसती थकलेली. गाडीत शेवटी काही वेगळं जाणवलं का, असं मी विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली की संक्रांतीनंतर खुर्ची उतारावर चढवताना जड जायला लागली होती, आधी एका दमात जायची. सासूबाईंचं वजन वाढलं असेल असं तिला वाटलं होतं, पण बोलायचं कसं, म्हणून ती गप्प राहिली.

तिसरा होता धाकटा भाऊ राजदीप. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. व्हॅनच्या पत्र्यावर मी काळे चिकट डाग पाहिले होते. खानदेशातल्या कुणालाही ते ओळखू येतात, केळीच्या चिकाचे डाग. अंगणात नेऊन विचारलं तेव्हा तो कोसळलाच. युवराज कामावर असताना तो व्हॅन फैजपूरकडे न्यायचा आणि केळीचे घड भरून आणायचा, गाडी जमिनीला टेकेपर्यंत. दिवाळीत असंच पंक्चर झालं, तेव्हा त्याने पुढचं चाक काढून स्टेपनीत टाकलं होतं. भावाला कधीच कळलं नाही. तेव्हापासून त्याला वाटत होतं की आपल्याच ओझ्याने टायर खराब झाला आणि आपणच भावाला मारलं.

मी त्याला म्हणाले की ओझ्याने गाडी आणखी खाली बसते, आणि खाली बसलेली गाडी टायर आतून खाते. हा टायर बाहेरून गेलाय. तू काही केलेलं नाहीस.

त्याला ते पटलं नाही, आणि मला ते पटवून द्यायला वेळ नव्हता. त्याच्या बोलण्यातून मला एक गोष्ट मिळाली होती. पुढे चाललेलं ते चाक दिवाळीपर्यंत सारखं झिजलं होतं. म्हणजे गाडी उचलली गेली ती दिवाळीनंतर.

४

वेस्ता पावराच्या दुकानाच्या काचा फोडल्या होत्या. कोणी फोडल्या ते कोणाला माहीत नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं. तो आत, चाकं तपासायच्या यंत्राशेजारी, उलट्या ठेवलेल्या रिमवर बसला होता. बायको मोनाली केरसुणीने काचा गोळा करत होती. जागामालकाने महिनाअखेरीला निघा असं सांगितलं होतं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून वेस्ता इथवर आला होता. सुरतेत कुणाच्या तरी हाताखाली काम शिकला, मग हे दुकान. पाड्यावरचा स्वतःचं यंत्र असलेला पहिला माणूस. मोनालीने हे सांगितलं.

मी त्याला स्टेपनीबद्दल सांगितलं, पांढऱ्या रेघांबद्दल सांगितलं. तुझं काम चोख होतं, असं स्पष्ट सांगितलं. माणूस आनंदला नाही तरी निदान श्वास तरी सोडेल असं मला वाटलं होतं. तो तसाच बसून राहिला. मग मी फोनबद्दल विचारलं.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "फोन त्याचाच आला होता."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. युवराजने सकाळी गाडी पुसताना पुढचे टायर पाहिले होते. भाऊ, टायर बाहेरून खातोय, असं तो म्हणाला. वेस्ताला ते पटेना, आतून म्हणायचंय का असं त्याने दोनदा विचारलं. युवराज म्हणाला, नाही, बाहेरून. होळीची पौर्णिमा तोंडावर आली होती, आईला विहारात न्यायचं होतं, त्याआधी नीट करून दे, अशी त्याची विनंती होती. आणि वेस्ताला दुसऱ्या दिवशी भोंगऱ्या बाजारासाठी पाड्यावर जायचं होतं. होळीआधीच्या त्या बाजाराला पावरा आदिवासींचा माणूस कुठेही असला तरी घरी परततो, दुकान आठवडाभर बंद.

"मी त्याला बोललो, उद्यापासून मी नाही. आजच ये." वेस्ताने हातातली पक्कड खाली ठेवली. "तो म्हणाला, हळू येतो. मी बोललो, ये."

त्याने हे पोलिसांपासून का लपवलं ते विचारायची गरज नव्हती.

अक्कांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं. आता ते त्यांना सांगावं लागणार होतं.

५

परत चौकीवर गेले तेव्हा ऊन उतरत होतं. या वेळी मी टायर बघितले नाहीत. बॅटरी घेतली आणि स्प्रिंगा बघितल्या.

चारही स्प्रिंगांवर धूळ आणि वाळलेल्या चिखलाचा थर होता, जसा असायला हवा. पण प्रत्येक स्प्रिंगच्या मधल्या दोन वेढ्यांवर एक पट्टा स्वच्छ होता. धातू काळा, कोरा, जणू तिथे कधी धूळ पोचलीच नव्हती. तळहाताएवढा पट्टा, चारही ठिकाणी त्याच जागी. भिकनच्या दारावर टांगलेली काळी रबरं मला आठवली. ती वेढ्यांच्या मध्ये घट्ट बसवतात आणि गाडी वर उचलली जाते. खाली घासणं थांबतं.

ती इथे होती आणि आता नव्हती. अपघातात उडाली म्हणावीत तर एखादं उडेल, चारही उडणार नाहीत. आणि गाडी विटांवर चढवली की स्प्रिंग सैल पडते, रबर हाताने निघतं.

मी धनसिंगला विचारलं, या गाडीजवळ कोण आलं होतं? तो म्हणाला, कोणीच नाही. मग डोकं खाजवत म्हणाला, म्हणजे घरचंच माणूस. भिकन मिस्त्री आला होता, गाडीतली बुद्धमूर्ती आणि अक्कांची उशी न्यायला. पिशवी घेऊन आला होता. धनसिंगने त्याला एकटं सोडलं, कारण म्हातारा गाडीला हात लावून रडत होता.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. टायर झिजला तो कोन न लावल्यामुळे, हे पोलिसांना कोणी सांगितलं होतं? भिकनने. आयुष्यभर गाड्यांखाली झोपलेल्या माणसाला आतली कड कुठली आणि बाहेरची कुठली हे कळत नाही? त्याला बघता क्षणी कळलं होतं. म्हणूनच तो घाईने बोलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या गॅरेजमध्ये उभी राहिले. दारावरची रबरं गेली होती, नुसता खिळा होता. मी एवढंच विचारलं की रबरं कुठे टाकली. त्याने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, अंजनी नदीच्या पात्रात.

मग त्याने सगळं सांगितलं. गतिरोधक झाल्यावर व्हॅन रोज खालून घासायला लागली. अक्का मागे खुर्चीवर बसलेल्या, घासण्याचा तो आवाज त्यांच्या पायाखालीच व्हायचा. आपल्यापायी पोराच्या गाडीचं नुकसान होतंय, हे त्यांना सोसवेना. युवराज कामावर गेला असताना त्यांनी भिकनला घरी बोलावलं. काहीतरी कर, पण त्याला कळू देऊ नको. नाहीतर तो म्हणेल, घासू दे गं. भिकनने सर्व्हिसिंगच्या निमित्ताने व्हॅन आणली आणि रबरं बसवली.

"रबर टाकल्यावर कोन पुन्हा लावायचे असतात, हे तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"मालूम व्हतं." तो जमिनीकडे बघत होता. "पन युवराजले धुळ्याले जाय सांगतू, ते तो इचारता, कसाले? मंग अक्काना शब्द मोडता."

म्हणून तो गप्प बसला. पुढच्या सर्व्हिसिंगला काहीतरी निमित्त काढू असं ठरवलं. इतक्या साध्या गोष्टीने माणूस मेला.

आणि वेस्ताचं काय, मी विचारलं. माझा आवाज चढला होता. तो म्हणाला, रबरं मी माझ्यासाठी नाही काढली, अक्कांना कळू नये म्हणून काढली. कळलं तर ती माय जगणार नाही. वेस्ता काय, तरणा आहे, डोंगरात निघून जाईल, तिकडे त्यांचं चालतं.

मला त्याची कीव येत होती, ती तिथे संपली. ज्याचं कोणी नाही त्याच्या डोक्यावर ओझं ठेवायचं आणि त्याला दया म्हणायचं. अक्कांसाठी केलं हे खरं असेल. स्वतःसाठीही केलं, हेही खरं. माणूस दोन्हीसाठी करतो आणि त्यातलं बरं दिसतं ते सांगतो.

पोलिसांपुढे मी हे बोलणार नाही, असंही त्याने सांगितलं. रबरं नदीत. स्प्रिंगांवरचे स्वच्छ पट्टे त्या आवारातल्या धुळीत चार दिवसांत माखणार. फोटो काढून दाखवले तरी फौजदार हसून सोडून देणार. वेस्ताला वाचवू शकेल असा एकच शब्द उरला होता, आणि तो लिलाबाईंचा होता.

६

अक्कांकडे जाताना मी एक डाव रचला होता, तो सांगते. मला फक्त जबाब हवा होता. गाडी घासत होती का? हो. मग रबरं बसवून घेतली का? हो. सही करा. त्याचा अर्थ काय होतो हे सांगायची काय गरज? एका म्हातारीने हसत हसत दिलेल्या उत्तरावर एक माणूस सुटेल, आणि तिला कधी कळणारही नाही. कळेल तेव्हा कळेल, माझ्यासमोर नको. गॅरेजपासून त्यांच्या दारापर्यंत मला हे शहाणपणाचं वाटत होतं.

अक्का खिडकीशी बसल्या होत्या. बुद्धमूर्ती, व्हॅनमधून आणलेली, समोर ठेवलेली. दीपमालाने चहा दिला. मी कागद काढला आणि सहज विचारावं तसं विचारलं की गाडी घासू नये म्हणून काही केलं होतं का.

त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं तेज आलं.

"मीच सांगं व्हतं भिकनले," त्या म्हणाल्या. "रबर टाकी दे म्हनं. युवराजले काय मालूम नही. मंग तोच मले सांगे, माय, गाडी आते घसास नही. मी मनमा हासू."

मी लिहिलं. पेन चालत होतं. एवढ्यावर थांबायचं होतं. सही घ्यायची होती आणि उठायचं होतं.

"हाई कसाले इचारस माय?" त्यांनी विचारलं.

त्या शिक्षिका होत्या. मी उत्तर शोधतेय हे त्यांना दिसत होतं. दीपमालाही दारात थांबली होती, खुर्ची का जड झाली होती ते तिला त्या क्षणी कळलं असावं, कारण तिने हातातली बशी खाली ठेवली. मला खोटं बोलता आलं असतं. पण मग पुढच्या वेळी कोणीतरी, कोर्टात, सगळ्यांसमोर, त्यांना हे वाचून दाखवणार होतं, आणि तेव्हा त्यांना पुन्हा उचलून न्यावं लागलं असतं. मी सांगितलं. गाडी खाली होती तेव्हा चाकं कशी लावली होती, रबराने ती वर गेल्यावर काय झालं, टायर कुठून झिजला. सोप्या शब्दांत सांगितलं. आणि युवराज धुळ्याला का गेला तेही सांगितलं, कारण मी शोधते म्हणाले होते. तो चाकं सरळ करून घ्यायला निघाला होता. पौर्णिमेच्या आधी.

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पायांवरचं पांघरूण त्यांनी नीट केलं, मग पुन्हा नीट केलं.

"लिखी ले बठ्ठं," त्या म्हणाल्या. "मनं नाव टाक. त्या पोऱ्याले सोडी देवा म्हना."

मी सगळं लिहिलं. वाचून दाखवू का विचारलं, तर नकारार्थी मान हलवून त्यांनी सही केली, वळणदार, फळ्यावरच्यासारखी. दीपमाला आत निघून गेली होती. आतून भांड्यांचा आवाजही येत नव्हता. ती या घरात आता सासूशी कशी बोलेल, बोलेल की नाही, मला माहीत नाही. मी तेही केलं होतं.

कागद घडी करत होते तेव्हा त्या मूर्तीकडे बघत, माझ्याशी नाही, बोलायला लागल्या.

"आगोदर रोज घसाये. तो हासे. म्हने, माय, ऐक, गाडी बोली रायनी." त्यांनी मूर्ती जरा सरळ केली. "मीच तिनं तोंड बंद करं."

वेस्ता सुटेल, हे मी त्याला फोन करून कळवलं. तो बरं म्हणाला. यंत्र विकून टाकलं होतं, दोघं होळीनंतर सुरतेला जाणार होते, कुठल्या तरी गोदामात. मी म्हणाले, तुझी काही चूक नव्हती, आता ते लेखी आहे. तो म्हणाला, मॅडम, आजच ये असं तर मीच बोललो ना.

पण तो फोन नंतरचा. त्या दुपारी मी वस्तीतून बाहेर पडले तेव्हा दाराशी तो लोखंडी उतार भिंतीला टेकवून ठेवलेला होता. भिकनचं गॅरेज बंद होतं. पहिल्याच गतिरोधकावर माझी गाडी खालून घासली, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. मी वेग कमी केला आणि प्रत्येक वेळी तो आवाज पूर्ण ऐकला.